जुन्या गाडीच्या इंजिनमधले ठोके आणि बेताचा खर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीचे इंजिन ठोके देऊ लागले की मालकाच्या कानी बहुधा दोनच सल्ले पडतात : ‘काही होत नाही, चालवत राहा’ किंवा ‘इंजिन खोलावे लागेल’. या दोहोंच्या मध्ये बरेच काही असते, आणि कमी पैशांत होणारी जवळजवळ सगळी दुरुस्ती तिथेच सापडते. खालील प्रश्न लोकांकडून पुनःपुन्हा येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंजिन ‘नॉक’ करते म्हणजे नेमके काय होते?

या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे दोष मोडतात. पहिला ज्वलनाचा. प्लगने ठिणगी टाकल्यावर ज्वाला सिलिंडरभर क्रमाने पसरायला हवी. परंतु तिच्या पुढे उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतके तापते की ज्वाला पोहोचण्याआधीच ते एकदम पेट घेते, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि तीक्ष्ण, धातूचा आवाज येतो. दुसरा दोष यांत्रिक असतो. बेअरिंग, पिस्टन, पिन किंवा टॅपेट (वाल्व्हला ढकलून उघडणारा भाग) यांच्यातली फट झिजून वाढते, ऑइलचा थर ती भरून काढू शकत नाही आणि लोखंड लोखंडावर आदळते. पहिल्या दोषाची दुरुस्ती बहुतेक वेळा बोनेट उघडून वरच्या वर होते. दुसऱ्यासाठी कधी कधी इंजिन उतरवावे लागते. म्हणून खर्चाचा अंदाज बांधण्याआधी आपला ठोका कोणत्या घराण्यातला आहे, हे ठरवणे भाग आहे.

२. आवाज ऐकू आला की सगळ्यात आधी काय करावे?

सपाट जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे, पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि डिपस्टिक पाहावी. जुनी इंजिने ऑइल पितात, आणि पातळी किमान खुणेच्या खाली गेल्यामुळे आलेला आवाज योग्य ग्रेडचे ऑइल भरताच थांबल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. डिपस्टिकवरच्या थेंबाचा वास घ्यावा : पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झाले आहे. तो थेंब बोटावर घेऊन उजेडात धरावा. त्यात चमचमणारे कण दिसले तर इंजिन पुन्हा सुरू करू नये आणि सरळ प्रश्न १० कडे जावे. ऑइलचा दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त राहणे ही मोठी चूक आहे, कारण बहुतेक गाड्यांत तो दिवा प्रेशर अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावरच लागतो; तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

३. ठोका कशाचा आहे हे घरच्या घरी ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. त्यासाठी कान आणि थोडा धीर लागतो. आवाज थंड इंजिनमध्ये येतो की गरम, भार पडल्यावर येतो की एक्सलरेटर सोडल्यावर, आणि इंजिनच्या वरच्या भागातून येतो की खालच्या, हे तीन मुद्दे कागदावर लिहून काढावेत. चौथा मुद्दा वेगाचा. क्रँकचे (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याचे) दोन फेरे होतात तेव्हा वाल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा एक होतो. त्यामुळे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात क्रँकशी बांधलेला ठोका सेकंदाला सुमारे १३ वेळा पडतो, तर टॅपेटचा ६ ते ७ वेळा. एवढे ठोके मोजता येत नाहीत, पण दोन्हींमधला दुप्पट चालीचा फरक कानाला कळतो.

चढावर येणारी, डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड बहुधा ज्वलनाची असते. शिवणयंत्रासारखी हलकी टिकटिक वरून येत असेल तर ती टॅपेटची. बंद दारावर मुठीने ठोठावल्यासारखा भरीव ठोका, जो एक्सलरेटर किंचित देऊन सोडताना सर्वांत स्पष्ट होतो, तो कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा, म्हणजे बिग एंड बेअरिंगचा असतो. त्याहून दबका आणि भार पडताच वाढणारा धप्पधप्प आवाज क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगचा. आवाजाचा उगम शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो : टोक वरच्या हेडच्या झाकणावर, मधल्या ब्लॉकवर आणि मग तळाच्या ऑइलच्या चेंबरवर टेकवावे आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावावी. पंखा आणि पट्टे यांपासून हात, बाह्या व केस दूर ठेवावेत.

४. एकेक सिलिंडर बंद करून पाहण्याची चाचणी कशी करतात?

इंजिन मंद गतीवर ठेवून एका सिलिंडरचे ज्वलन काही सेकंद थांबवायचे आणि ठोका बदलतो का ते ऐकायचे, एवढेच यात असते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंजेक्टरची वायर काढणे सर्वांत सुरक्षित, कारण त्यामुळे न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवत नाही. प्लगची वायर चालू इंजिनवर हाताने उपटू नये. तिच्यात हजारो व्होल्ट असतात आणि मोकळी सोडलेली वायर कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल बिघडवू शकते. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन बंद करून वायर काढावी, तिच्यात सुटा प्लग बसवून तो धातूला घट्ट टेकवावा आणि मगच इंजिन सुरू करावे. त्या वेळी आसपास पेट्रोलची गळती किंवा वाफ नाही, याची खात्री करून घ्यावी.

एखादा सिलिंडर बंद करताच ठोका ठळकपणे कमी झाला तर त्याच सिलिंडरच्या बिग एंडवर संशय घ्यावा. मेन बेअरिंगचा आवाज एका सिलिंडरने फारसा बदलत नाही, मात्र शेजारचे दोन बंद केले तर दबतो. टॅपेटच्या टिकटिकीवर काहीच परिणाम होत नाही. डिझेलसाठी प्रश्न १४ पाहावा.

५. फक्त चढावर किंवा पिकअप घेताना खडखड होते. कमी खर्चात काय करता येईल?

हा ज्वलनाचा नॉक आहे असे धरून फुकटच्या उपायांपासून सुरुवात करावी. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर एक्सलरेटर दाबून गाडी ओढायची सवय असेल तर एक गिअर खाली घ्यावा. कित्येकांची तक्रार इथेच मिटते. त्यानंतर एक टाकीभर अधिक ऑक्टेनचे, म्हणजे नॉकला अधिक विरोध करणारे, पेट्रोल वापरून पाहावे. आवाज गेला तर दोष ज्वलनाचा आहे हे सिद्ध होते. मात्र ही तपासणी झाली, दुरुस्ती नव्हे. जे इंजिन नवे असताना साध्या पेट्रोलवर शांत चालत होते, त्याला आता महाग पेट्रोल का लागावे, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्याचे उत्तर बहुधा चार ठिकाणी सापडते. पहिले ठिकाण म्हणजे उष्णता : थर्मोस्टॅट अडकणे, रेडिएटर तुंबणे, पंखा उशिरा लागणे. दुसरे म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडणे. व्हॅक्यूमची फुटकी नळी, चोंदलेला पेट्रोल फिल्टर किंवा कमजोर पंप ही त्याची नेहमीची कारणे. तिसरे, गाडीत ईजीआर झडप (जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरकडे सोडणारी) असेल तर ती कार्बनने बंद होणे, कारण ज्वलनाचे तापमान खाली ठेवण्याचे काम तीच करते. चौथे ठिकाण सिलिंडरमधला कार्बन. त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिले आहे. प्लग काढून त्यांवरचा नंबर पुस्तिकेशी ताडून पाहावा. अधिक गरम जातीचा प्लग एकट्याने हा त्रास उभा करू शकतो.

ऑक्टेनच्या आकड्यांबाबत एक सूचना. १९२० च्या दशकात ठरलेल्या या मोजपट्टीत आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरले, पण पंपावरचा आकडा सर्वत्र एकाच पद्धतीचा नसतो. काही देशांत रिसर्च पद्धतीचा आकडा लिहितात, तर काही ठिकाणी रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींची सरासरी. तेच पेट्रोल सरासरीच्या पद्धतीत चार-पाच अंकांनी कमी दिसते. परदेशी पुस्तिकेतला आकडा वाचताना हे तपासून घ्यावे.

६. माझी गाडी पॉइंट आणि डिस्ट्रिब्यूटरची आहे. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घेतले तर चालेल का?

चालेल, परंतु क्रम पाळावा. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही सरकते, म्हणून आधी फट नीट करावी आणि मग टायमिंग लाइटने पुस्तिकेतला अंश जुळवावा. डिस्ट्रिब्यूटरमधली वजने गंजून अडकली आहेत का आणि त्यांच्या स्प्रिंगा शाबूत आहेत का, हेही पाहावे. तुटक्या स्प्रिंगमुळे टायमिंग गरजेपेक्षा लवकर पुढे पळते आणि मग वरचा सगळा खटाटोप वाया जातो. तरीही खडखड राहिली तर एका वेळी दोन अंश मागे घेऊन रस्त्यावर पाहावे. फार मागे घेतलेले टायमिंग आवाज बंद करते, पण इंजिन तापवते आणि एक्झॉस्ट वाल्व्ह भाजून काढते.

७. कार्बन साफ करायला हेड उघडावेच लागते का?

बहुतेक वेळा नाही. कार्बनचा थर ज्वलनकक्षाची जागा कमी करून दाब वाढवतो आणि त्याचे तापलेले कण ठिणगीआधीच मिश्रण पेटवतात. चावी बंद केल्यावरही इंजिन क्षणभर धडधडत राहणे हे त्याचेच एक लक्षण आहे. पॉलिइथरअमाइन असलेले पेट्रोलमधले क्लीनर एक-दोन टाक्यांसाठी वापरावे आणि इंजिन पुरते गरम करून लांबवर चालवावे. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. कार्बोरेटरमधून पाणी ओतण्याचा जुना उपाय अजूनही सांगितला जातो. तो सुचवण्याचे धाडस मी करणार नाही, कारण पाणी दाबले जात नाही आणि जरा जास्त गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

८. सकाळी थंड असताना ठकठक होते, पाच मिनिटांनी थांबते. काळजी करावी का?

सहसा नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन ओतीव लोखंडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक प्रसरण पावतो. झिजलेल्या इंजिनात तो थंड असताना बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) डुलतो आणि भिंतीवर पोकळ आवाजाने आपटतो, मग गरम होऊन फट भरतो. ऑइल फारसे जळत नसेल तर अशी इंजिने वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. असाच आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळक्या पॅकिंगमुळेही येतो; सांध्याजवळ काजळीची रेघ दिसली तर पॅकिंग बदलावे. उलट प्रकार, म्हणजे थंड असताना शांत आणि ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर ठोका, हा बेअरिंगकडे बोट दाखवतो.

९. टॅपेटचा आवाज किती गंभीर असतो?

दोषांमध्ये हा सर्वांत सौम्य. फीलर गेजने फट जुळवावी. ती अनेक इंजिनांत ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण आकडा पुस्तिकेतलाच वापरावा. आवाज पूर्ण जावा म्हणून फट कमी ठेवण्याचा मोह टाळावा, कारण आवाज करणारा टॅपेट त्रास देतो, तर फट न उरलेला टॅपेट वाल्व्ह नीट बसू देत नाही आणि वाल्व्ह जळतो. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरणारे) टॅपेट असतील तर आधी ऑइल आणि फिल्टर बदलून थोडे दिवस वाट पाहावी.

१०. बिग एंड गेले असे दिसते. गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेऊ का?

नेऊ नये, ओढून किंवा उचलून न्यावी. या एका निर्णयावर बाकीचा सगळा खर्च ठरतो. बेअरिंगचा मऊ थर गेल्यावर प्रत्येक फेऱ्यात रॉड क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग ज्यावर बसते त्या गोल भागावर) हातोड्यासारखा बसतो. आज फक्त बेअरिंगचे शेल (त्याचे दोन अर्धगोल तुकडे) बदलून भागले असते, तिथे थोड्याच अंतरात जर्नल ओरखडते आणि क्रँक ग्राइंडिंगला पाठवावा लागतो. त्याहून पुढे गेल्यास बोल्ट तुटून रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो आणि मग दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही.

११. क्रँक न काढता, खालून फक्त बिग एंड बेअरिंग बदलता येतात का?

ज्या गाडीचे ऑइलचे चेंबर जागेवरच उतरते तिच्यात येतात, आणि बेताच्या खर्चातली ही सर्वांत मोलाची दुरुस्ती आहे. मात्र ती जर्नलच्या अवस्थेवर अवलंबून असते. रॉडची कॅप काढण्याआधी कॅप आणि रॉड या दोघांवर क्रमांक व दिशा यांची खूण करावी, कारण कॅपची अदलाबदल किंवा उलट बसवणे चालत नाही. बोल्टची टोके जर्नलला लागू नयेत म्हणून त्यांवर रबराची नळी चढवावी. मग जर्नलवरून नख आडवे फिरवावे. नख अडकले, निळसर जळकी छटा दिसली किंवा मायक्रोमीटरने गोलाईत ०.०२५ मिलिमीटरहून जास्त फरक आढळला, तर नवे शेल घालून उपयोग नाही. ते काही दिवसांत पुन्हा जातील.

जर्नल गुळगुळीत आणि गोल असेल तर त्याच मापाचे नवे शेल घ्यावेत आणि प्लास्टिगेजने फट तपासावी : तिची पट्टी जर्नलवर ठेवून कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची, क्रँक हलू द्यायचा नाही, कॅप काढून चपटी झालेली पट्टी सोबतच्या मापाशी ताडायची. पुस्तिका हाती नसल्यास ढोबळ अंदाज असा की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट चालते, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझ शेल हे ग्राइंडिंग झालेल्या क्रँकसाठी असतात; झिजलेल्या क्रँकची फट भरायला ते वापरण्याची युक्ती कोणी सुचवली तर नम्रपणे नकार द्यावा. ताणून आवळण्याच्या प्रकारचे बोल्ट असतील तर ते नवेच लागतात. तिथे काटकसर करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बेअरिंग का गेले याचा शोध. चेंबरमधली जाळी चोंदली होती, ऑइल पंप झिजला होता की ऑइल कमी पडले होते, हे न पाहता इंजिन पुन्हा जोडून टाकले तर काम दुबार करावे लागते.

१२. बेअरिंग उघडण्याआधी आणखी काही पुरावा मिळू शकतो का?

दोन पुरावे स्वस्तात मिळतात. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून इंजिन गरम असताना प्रेशर मोजावे. दर १,००० फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार हा जुना ठोकताळा आहे. इंजिन ठोके देत असेल तर हे मोजमाप मंद गतीवर आणि अगदी थोडा वेळच करावे. दुसरा पुरावा ऑइल फिल्टरमध्ये असतो : तो कापून कागद उलगडावा. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे असतात. राखाडी, न चिकटणारे कण बेअरिंगच्या वरच्या थराचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे. तांबूस कण दिसले तर बेअरिंग खालच्या थरापर्यंत झिजले आहे.

१३. घट्ट ऑइल किंवा अ‍ॅडिटिव्ह टाकून आवाज गेला. आता दुरुस्ती टाळता येईल का?

आवाज दबला, झीज तशीच राहिली. घट्ट ऑइल वाढलेल्या फटीत जास्त वेळ टिकते म्हणून गरम इंजिन शांत वाटते, पण थंड असताना तेच ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. सर्वत्र थोडेथोडे झिजलेल्या, पण ठोका न देणाऱ्या इंजिनासाठी पुस्तिकेने परवानगी दिलेल्यांपैकी घट्ट ग्रेड घेणे रास्त आहे. बिग एंडच्या ठोक्यावर तो उपाय नव्हे. आवाज दाबून गाडी विकण्याबद्दलही विचारणा होते. त्याचे उत्तर देण्याची गरज नसावी.

१४. डिझेल इंजिन तर ठोकतेच. मग बिघाड कसा ओळखावा?

डिझेलमध्ये इंधन मुळात स्वयंज्वलनानेच पेटते, म्हणून काही ठकठक स्वाभाविक आहे. नेहमीपेक्षा वेगळा, एकाच सिलिंडरमधून उठून येणारा ठोका हा दोष. त्यासोबत धूर येत असेल तर गळके नोझल किंवा पंपाचे चुकलेले टायमिंग हे पहिले संशयित, आणि नोझलची तपासणी इंजिन खोलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात एकेका नोझलचा नट हातमोजे आणि चष्मा घालून किंचित सैल करून प्रश्न ४ मधली चाचणी करता येते. कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सर्व नोझलना उच्च दाबाचे इंधन पुरवणाऱ्या) इंजिनात हे कधीही करू नये : तिथला दाब १,००० बारच्या पुढे जातो आणि बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

१५. दुरुस्ती किंवा सर्व्हिसिंग झाल्यानंतरच आवाज सुरू झाला. असे का?

तेव्हा शेवटी हात लागलेल्या भागापासून शोध सुरू करावा. ऑइल बदलल्यानंतर सुरुवातीचे काही सेकंद खडखड होत असेल तर फिल्टरमध्ये ऑइल अडवून धरणारी झडप नसावी. पातळी कमाल खुणेच्या फार वर गेली असेल तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो आणि टॅपेट वाजतात. प्लग बदलल्यावर आवाज आला तर सैल प्लग, चुकीची जात किंवा पिस्टनला टेकणारा लांब प्लग तपासावा. शेवटची शक्यता असेल तर इंजिन लगेच बंद करावे. टायमिंगचा पट्टा बदलल्यानंतर एक दात चुकला आहे का, हे खुणा जुळवून पाहावे.

१६. चेंबरला दगड लागला आणि त्या दिवसापासून ठोका येतो. इंजिन गेले का?

कदाचित नाही. आत दबलेल्या चेंबरला रॉड किंवा क्रँक घासला तर हुबेहूब बिग एंडसारखा आवाज येतो, आणि चेंबर उतरवून ठोकून सरळ केले की तो नाहीसा होतो. पण त्याच पोच्याने ऑइल ओढणाऱ्या नळीचे तोंडही बंद होऊ शकते, म्हणून चेंबर पाहीपर्यंत इंजिन सुरू करू नये.

१७. आवाज इंजिनबाहेरच्या एखाद्या भागाचा असू शकतो का?

असू शकतो, आणि ही शक्यता मी स्वतः एकदा विसरलो होतो : चेंबर उतरवून सगळे शेल पाहिले, सगळे उत्तम निघाले, आणि ठोका होता क्रँक पुलीच्या सैल बोल्टचा. आता आधी सगळे पट्टे काढून इंजिन अर्धा मिनिट चालवतो. आवाज गेला तर अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा एसीचा कॉम्प्रेसर तपासतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली तडकलेली फ्लेक्सप्लेट तर भल्याभल्यांना बिग एंड वाटते.

१८. इंजिन बांधावे की दुसरे वापरलेले इंजिन बसवावे?

क्रँक ओरखडला असेल, पण बोअर आणि हेड चांगले असतील तर बांधणे परवडते. बोअरही गेले असेल तर वापरलेले इंजिन स्वस्त पडू शकते. ते घेताना कॉम्प्रेशन मोजून घ्यावे : पेट्रोल इंजिनात बहुधा ९ ते १२ बार असते, आणि एकूण आकड्याइतकेच सिलिंडरांमधले अंतर महत्त्वाचे, ते १० ते १५ टक्क्यांच्या आत हवे. शक्य असल्यास चेंबर उघडून एक कॅप पाहावी. बांधायचे ठरले तर पैसे मशीनिंग, बेअरिंग आणि ऑइल पंप यांवर घालावेत. बेअरिंगचा चुरा ऑइलच्या वाटांमध्ये उरतो, म्हणून त्या साफ कराव्यात आणि ऑइल कूलर असल्यास बदलावा. जुन्या कूलरमधून सुटलेले कण नव्या बेअरिंगचा घात करतात.

१९. गाडी गॅसवर शांत चालते आणि पेट्रोलवर ठोकते. याचा अर्थ काय?

हा मोफत मिळालेला उत्तम पुरावा आहे. नैसर्गिक वायू नॉकला सहजी बळी पडत नाही. ऑक्टेनच्या भाषेत त्याचा आकडा १२० च्या आसपास जातो. इंधन बदलताच आवाज जात असेल तर दोष जवळजवळ नक्की ज्वलनाचा आहे आणि प्रश्न ५ ते ७ पुरेसे आहेत. गॅससाठी टायमिंग पुढे करून ठेवलेले असते, हे अशा वेळी प्रथम पाहावे. दोन्ही इंधनांवर ठोका सारखाच असेल तर तो यांत्रिक समजावा.

२०. नॉक सेन्सर बदलला, तरी त्याचाच दोष पुन्हा दिसतो आणि गाडी ओढत नाही. आता काय?

सेन्सर ब्लॉकची कंपने ऐकतो. अनेक इंजिनांत नॉकची कंपने सेकंदाला ६ ते ७ हजारांच्या आसपास असतात. सैल ब्रॅकेट, वाजणारा टॅपेट किंवा झिजलेला पिस्टन यांचा आवाज त्या पट्ट्यात पडला तर संगणक त्यालाच नॉक समजतो आणि टायमिंग मागे घेतो, म्हणून ताकद जाते. नवा सेन्सर बसवताना ब्लॉकची जागा स्वच्छ होती का आणि बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने, बऱ्याच गाड्यांत सुमारे २० न्यूटन मीटरने, आवळला होता का, हे पाहावे. कमी किंवा जास्त आवळलेला सेन्सर चुकीचे ऐकतो. हे ठीक असेल तर वायर आणि कनेक्टर तपासावेत, आणि तेही ठीक निघाले तर सेन्सरला बाजूला ठेवून प्रश्न ३ मधल्या पद्धतीने खऱ्या आवाजाचा शोध घ्यावा.